खिडकीपलीकडची घाई

सरकारी कचेरीतली किंवा बँकेतली तक्रारवही उघडली तर तिच्यात बहुधा माणसांविषयीच लिहिलेले सापडते. अमुक खिडकीवरचा कर्मचारी उद्धट आहे, तमक्या बाई धड उत्तर देत नाहीत, कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून चारचौघांत अपमान केला. रांगेत साठ माणसे होती आणि खिडकीपलीकडे एकच जण होता, असे त्या वहीत सहसा कोणी लिहीत नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ हे आपले ठरलेले निदान. व्यवस्थापनालाही ते सोयीचे असते. स्वभाव दोषी ठरला की बदली करता येते, सौजन्य सप्ताह पाळता येतो, भिंतीवर ‘ग्राहक देवो भव’ची पाटी लावता येते. माणसे तेवढी वाढवावी लागत नाहीत.

सेवेचा दर्जा घसरतो तो देणाऱ्याच्या स्वभावामुळे की त्याच्या मानेवर बसलेल्या वेळेमुळे, या प्रश्नाचा मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र अशा चौघांनीही गेली पन्नास वर्षे आपापल्या वाटेने पाठपुरावा केला आहे. निकाल एकतर्फी नाही. पण पारडी सारखीही नाहीत.

सुरुवात करावी ती १९७३ सालच्या एका प्रयोगापासून. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण संस्थेतले चाळीस विद्यार्थी घेतले. पुढे पाद्री होऊन लोकांची सेवा करणारी ही मुले. त्यांना एक छोटे भाषण तयार करायला सांगून दुसऱ्या इमारतीत पाठवले. काहींचा विषय होता बायबलमधली परोपकारी शोमरोनीची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची कथा. काहींना सांगितले, सावकाश जा. काहींना, आता निघा. आणि काहींना, तुम्हाला उशीर झालाय, लोक खोळंबलेत. वाटेतल्या बोळात एक माणूस खोकत, कण्हत, मान टाकून बसवलेला होता. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी त्याच्यासाठी थांबले, मधल्या गटातले ४५ टक्के आणि उशीर झालेल्यांपैकी फक्त १० टक्के. विद्यार्थी किती धार्मिक आहे, कोणत्या वृत्तीने धर्माकडे पाहतो, याचीही मोजणी आधी झाली होती. थांबणार की नाही हे त्यावरून ओळखता आले नाही. ज्याच्या डोक्यात परोपकाराचेच भाषण घोळत होते, तोही लक्षात येण्याइतका जास्त थांबला नाही. काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून पुढे गेले.

प्रयोग लहान आहे आणि त्याच्यावर फार मोठा डोलारा उभा करू नये. पण त्यात एक बारकावा होता, जो नेहमी गाळला जातो. जे थांबले त्यांनी मदत कशी केली, यावर मात्र वृत्तीची छाप होती. काहींनी त्या माणसाचे ऐकून घेतले, काही त्याला नको असतानाही आपल्या मनातली मदत त्याच्या गळ्यात मारत राहिले. म्हणजे थांबायचे की नाही हे घड्याळाने ठरवले. थांबल्यावर कसे वागायचे हे स्वभावाने. पुढच्या कितीतरी अभ्यासांत हाच नकाशा थोड्याफार फरकाने पुन्हा दिसतो.

स्वभावाच्या बाजूने काहीच पुरावा नाही असे नव्हे. माणसाच्या व्यक्तिमत्त्वाची मोजणी आज पाच गुणांत करतात: काटेकोरपणा, मनमिळाऊपणा, भावनिक स्थैर्य, बहिर्मुखता आणि नव्याची ओढ. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडणारा गुण निघाला काटेकोरपणा. बोलका स्वभाव विक्रेत्यांना आणि व्यवस्थापकांना कामी आला, इतरांना फारसा नाही. गिऱ्हाइकाशी रोज गाठ पडणाऱ्या कामांत मनमिळाऊपणा आणि चटकन न चिडणारे मन हेही मोलाचे ठरतात. ताकद किती? काटेकोरपणा आणि कामाची गुणवत्ता यांचा सहसंबंध साधारण ०.२ च्या आसपास. साध्या भाषेत, दोन कर्मचाऱ्यांच्या कामात जो फरक दिसतो त्यातला चार-पाच टक्के भाग या गुणाने उलगडतो. हजारो माणसे भरती करणाऱ्या कंपनीला तेवढाही फायदा मोठा असतो. पण तक्रारवहीत आपण स्वभावावर जेवढा भार टाकतो, तेवढा तो पेलू शकत नाही.

इथे एक गोम आहे. दर्जा म्हणजे नक्की काय? पारसुरामन, झाइथॅमल आणि बेरी या तिघांनी १९८८ मध्ये सेवेचा दर्जा मोजण्याची जी प्रश्नावली दिली, तिच्यात पाच अंगे आहेत: दिलेला शब्द पाळणे, तत्परता, विश्वास वाटावा असे ज्ञान व वागणे, आपुलकी, आणि डोळ्यांना दिसणारी टापटीप. जगभरच्या बँका, दवाखाने, हॉटेले अजून हीच मोजपट्टी वापरतात. घाई आणि स्वभाव या पाचही अंगांवर सारखे काम करत नाहीत, हे उघड आहे. वेळेचे दडपण आले की सगळ्यात आधी आपुलकी जाते, कारण तिची पावती कुठे फाडली जात नाही. तत्परता उलट काही काळ वाढलेली दिसते. शब्द पाळणे सर्वांत शेवटी ढासळते आणि ढासळले की एकदम ढासळते.

आपुलकी आधी जाते, याचा सगळ्यात गमतीदार पुरावा रॉबर्ट सटन आणि अनत राफाएली यांनी १९८८ मध्ये मांडला. एका मोठ्या साखळीतल्या ५७६ छोट्या किराणा दुकानांत त्यांनी पाहिले की गल्ल्यावरचा माणूस हसतो का, आभार मानतो का, नजरेला नजर देतो का. अपेक्षा अशी की जिथे हसू जास्त तिथे विक्री जास्त. निघाले उलटे. जिथे विक्री जास्त तिथे हसू कमी! आकडे चुकले असे न म्हणता ते पुन्हा दुकानांत गेले, तिथे उभे राहिले, लोकांशी बोलले. तेव्हा उलगडा झाला. हसण्यामुळे विक्री घटत नव्हती, गर्दीमुळे हसू घटत होते. शिवाय गर्दीच्या दुकानात रांगेतल्या गिऱ्हाइकालाही हसू नकोच होते. पुढच्या बाईशी गल्ल्यावरचा माणूस हवापाण्याच्या गप्पा मारू लागला की मागच्या माणसाच्या कपाळाला आठी. दादर स्टेशनबाहेर गाडीवर वडापाव घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तिथे ‘काय म्हणताय, बरेच दिवसांनी?’ असे विचारणारा विक्रेता चांगला नव्हे. न विचारता सुकी चटणी टाकून उरलेले पैसे हातावर ठेवणारा चांगला. ओस पडलेल्या दुकानात तेच वागणे तुसडे वाटते. दर्जाची व्याख्यासुद्धा घड्याळाबरोबर बदलते.

म्हणून थोडे दडपण वाईटच असते असे मानायचे कारण नाही. टॅन आणि नेटेसिन यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका उपाहारगृहांच्या साखळीच्या नोंदी तपासल्या. वेटरकडे टेबले वाढत गेली तशी सुरुवातीला त्याची दर गिऱ्हाइकामागची विक्री वाढली; रिकामा हात सुस्तावतो, भरलेला चपळ होतो. एका मर्यादेनंतर मात्र तो फक्त टेबल मोकळे करण्याच्या मागे लागला आणि विक्री खाली आली. त्या उपाहारगृहांत प्रत्यक्षात वेटर गरजेपेक्षा जास्त होते, असाही त्यांचा निष्कर्ष होता. माणसे वाढवा म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने ही नोंद लपवू नये. प्रश्न मर्यादा कुठे आहे हा असतो, आणि ती पार झाली हे मालकाला कळते कधी, हा त्याहून मोठा.

या दुसऱ्या प्रश्नावर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो रोगेलियो ओलिव्हा आणि जॉन स्टर्मन यांचा २००१ सालचा अभ्यास. विषय रूक्ष: ब्रिटनमधल्या एका मोठ्या बँकेचा कर्जविभाग. काम वाढले, माणसे तेवढीच राहिली. कर्मचाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या. जास्त वेळ बसणे, किंवा प्रत्येक अर्जाला कमी वेळ देणे. पहिली वाट थकवते आणि थकवा नंतर व्याजासकट वसूल होतो. दुसरी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. एक फोन कमी करायचा, एक चौकशी गाळायची, गिऱ्हाइकाला आणखी काय हवे असेल हे विचारायचेच नाही. काम उरकते. इथपर्यंत कोणीही सांगेल. खरी मेख पुढे आहे. घाईत दिलेला हा कमी वेळच हळूहळू कामाचे माप बनतो. गर्दी ओसरली तरी माणसे जुन्या मापावर परतत नाहीत. माप खाली येते चटकन, वर जवळजवळ जातच नाही. आणि वरिष्ठांच्या तक्त्यात हे सगळे कसे दिसते? माणसे तेवढीच, अर्ज जास्त निघाले, म्हणजे कार्यक्षमता वाढली. मग नवी भरती कशाला? गिऱ्हाईक तुटायला वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि आपण का तुटलो हे ते सांगून जात नाही.

या यंत्रणेत कोणाचाही स्वभाव वाईट असण्याची गरज नाही. सगळे कर्मचारी सालस, सगळे अधिकारी सज्जन, तरी दर्जा पायरीपायरीने खाली येतो. पाच वर्षांनी त्या कचेरीत पाऊल ठेवणाऱ्याला मात्र वाटते की इथली माणसेच बेफिकीर आहेत. नव्याने लागलेला काटेकोर मुलगाही सहा महिन्यांत ‘इथे असेच चालते’ हे शिकतो. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये शिक्षक, पोलीस, समाजकल्याण खात्याचे कर्मचारी यांच्याविषयी हेच लिहिले होते. मागणी अमर्याद आणि साधने तुटपुंजी असली की खिडकीवरचा माणूस आपापल्या युक्त्या शोधतो. सोपी प्रकरणे आधी घेतो, अवघड माणसाला हेलपाटे घालायला लावतो, प्रत्येकाला एकाच साच्यात बसवतो. तहसील कचेरीत दाखल्यांचा हंगाम जून-जुलैत येतो, तेव्हा ‘उद्या या’ हे उत्तर का जन्मते, हे लिप्स्की यांच्या पुस्तकावरून जितके कळते तितके सौजन्य सप्ताहातल्या भाषणांवरून कळत नाही.

दवाखान्यात हा हिशेब जिवाशी येतो. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. एका सिस्टरकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. सिस्टरचा स्वभाव इथे मोजलाच नव्हता. मोजायची गरज पडली नाही. कॅलिफोर्नियाने २००४ पासून सिस्टरमागे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे कायद्याने बांधून दिले.

आपल्याकडे काय? २०१७ मध्ये ६७ देशांतल्या डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळांचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात सुमारे दोन मिनिटे. ओपीडीत केसपेपर हातात धरून उभे राहिलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. या दोन मिनिटांचा दोष गर्दीच्या नावावर लिहून मोकळे व्हावे, असा मोह होतो. मीही झालो असतो, जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आडवे आले नसते तर. मध्य प्रदेशात त्यांनी शिकवून तयार केलेले बनावट रुग्ण डॉक्टरांकडे पाठवले. सकाळी सरकारी दवाखान्यात आणि नंतर स्वतःच्या खाजगी दवाखान्यात बसणारे तेच डॉक्टर दोन्हीकडे कसे तपासतात, हे पाहिले. २०१६ च्या त्यांच्या निबंधानुसार खाजगीत तोच डॉक्टर जास्त वेळ देत होता, जास्त प्रश्न विचारत होता आणि योग्य उपचार देण्याचे प्रमाणही जास्त होते. डॉक्टर तोच, पदवी तीच, स्वभाव तोच. दास आणि जेफ्री हॅमर यांना दिल्लीतही आधी दिसले होते की डॉक्टरला जे येते आणि तो जे करतो यांत मोठी दरी असते.

म्हणजे स्वभावाचे निदान तर इथे कोसळतेच, पण निव्वळ गर्दीचेही पूर्ण पडत नाही. तिसरी गोष्ट मधे येते: नीट काम केले किंवा न केले, तर त्याने काय फरक पडतो? काहीच पडत नसेल तर सवड मिळूनही माणूस ती गिऱ्हाइकाला देईलच असे नाही. माणसे वाढवा एवढीच मागणी करणाऱ्या कर्मचारी संघटनांनी हा अभ्यास टाळू नये.

घाई आणि स्वभाव यांची गाठ जिथे सर्वांत घट्ट बसते, ती जागा म्हणजे चेहरा. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात हवाई सुंदरींच्या कामाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी दोन प्रकारचे हसू वेगळे केले. एक वरवर ओढलेले. दुसरे स्वतःला समजावून आतून आणलेले: हा चिडलेला प्रवासी घाबरला असेल, असे मनाशी म्हणून. दुसऱ्याला वेळ लागतो. विमाने मोठी झाली, तिकिटे स्वस्त झाली, प्रवासी वाढले आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारे क्षण घटले, तेव्हा उरले ते ओढलेले हसू. नंतरच्या संशोधनाने दाखवले की या ओढलेल्या हसण्यानेच माणूस लवकर विझतो. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये एका कॉलला सरासरी किती वेळ लागला, हा आकडा प्रत्येकाच्या नावापुढे लागतो. त्याच वेळी आवाजात आपुलकी होती का, याचेही गुण असतात. दोन्ही मागण्या एकाच माणसाकडून, एकाच मिनिटात. इथे शांत स्वभावाचा माणूस जास्त टिकतो हे खरे. पण हळवा, समोरच्याचे मनाला लावून घेणारा, म्हणजे खरे तर चांगली सेवा देऊ शकणारा, आधी नोकरी सोडतो. वेळेचे दडपण स्वभाव नुसते झाकत नाही, ते माणसांची निवडही करते.

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरावर आपण जन्मभर विनोद केले. सकाळी आठला फळी उघडून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर तोच माणूस बसणार असेल, तर मधले तीन तास हे त्या धंद्यातले सगळ्यात शहाणे व्यवस्थापन होते, असे माझे मत आहे. त्याचा तिरसटपणा मात्र त्या तीन तासांनीही गेला नाही, हे स्वभावाच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

घड्याळ इतके घातक, तर मुंबईचे डबेवाले कसे चालले? १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यात घाई पोटातच आहे. लोकल काही सेकंद थांबते, तेवढ्यात डब्यांचे ओझे चढवायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येक डबा मेजावर. एक कोटी साठ लाख डब्यांत एक चूक, हा आकडा कोणी शास्त्रशुद्ध मोजलेला नाही, तो बातमीतून बातमीत फिरला. पण त्यांचा चोखपणा खोटा नव्हता. स्टीफन थॉम्की यांनी हार्वर्डसाठी केलेल्या अभ्यासात त्याची कारणे दिसतात. गटात काही माणसे जादाची असतात, कोणी आजारी पडले तर ओळ तुटत नाही. मुकादम स्वतः त्याच कामातून वर आलेला. गट आपला कारभार आपण पाहतो, मिळकत वाटून घेतो. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची ही माणसे एकमेकांची गाववाली, बऱ्याचदा नातलग. चूक झाली तर गावात तोंड दाखवायचे असते. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले होते की कामाचा रेटा एकटा माणसाला मोडत नाही. रेटा भरपूर आणि हातात काहीच नाही, हे मिश्रण मोडते. डबेवाल्याकडे रेटा होता, पण वाट ठरवणे त्याच्या हातात होते. कोरोनानंतर कचेऱ्यांचीच पद्धत बदलली आणि त्यांची संख्या फार घटली, तो दर्जाचा दोष नव्हता.

आता त्याच मुंबईत दुसरी घाई आली आहे. झेप्टो २०२१ मध्ये इथेच सुरू झाली. ग्रोफर्सने त्याच वर्षी डिसेंबरात ब्लिंकिट हे नाव घेतले. दहा मिनिटांत किराणा, हे त्यांचे वचन होते. कंपन्यांचे म्हणणे असे की वेग जवळच्या गोदामामुळे येतो, दुचाकीच्या वेगामुळे नाही. त्यात तथ्य आहे. पण पैसे फेरीमागे मिळत असतील तर उशिराचा दंड नसला तरी घाई मजुरीतच शिवलेली राहते. अमेरिकेत डॉमिनोजने तीस मिनिटांची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, ती सेंट लुईसमधल्या ज्युरीने एका अपघाताच्या दाव्यात कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवल्यावर. भारतात ती नंतरही चालत राहिली. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये अशी ॲपवरची व तत्सम कामे करणारे ७७ लाख लोक देशात होते, २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. या सगळ्यांची तक्रारवही आता आपल्या खिशात आहे. पाच चांदण्यांची. गोदामात उशीर झाला, लिफ्ट बंद होती, वॉचमनने अडवले, तरी चांदणी कापली जाते ती दारात उभ्या असलेल्या पोराची.

शासनानेही याहून फार वेगळा मार्ग धरलेला नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे दाखल्याला मुदत आली, हे नागरिकाच्या दृष्टीने फार मोठे काम झाले. त्याच्याही वेळेला किंमत असते हे कायद्याने मान्य केले. पुरेसे कारण नसताना उशीर झाला तर दंड ५०० ते ५,००० रुपये, आणि तो बसतो अधिकाऱ्यावर व्यक्तिशः. मध्य प्रदेशातल्या त्या डॉक्टरांकडे पाहिले तर अशा जबाबदारीची गरज पटते. पण ब्रिटनच्या त्या बँकेकडे पाहिले तर भीती वाटते की मुदत पाळली जाईल आणि चौकशी गाळली जाईल. रिकामी पदे वर्षानुवर्षे न भरणाऱ्यावर व्यक्तिशः दंड बसवणारे कलम त्या कायद्यात नाही.

माझा कौल असा: एका भेटीत सेवा कशी मिळेल हे स्वभावापेक्षा घड्याळ जास्त ठरवते, वर्षभरात ती कशी राहील हे घड्याळाबरोबर जबाबदारीही ठरवते, आणि घड्याळ कोण लावतो, हे तक्रारवहीत कधीच येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी तक्रार जरूर लिहा, पण कर्मचाऱ्याच्या नावाआधी दोन आकडे लिहा: रांगेत किती माणसे होती आणि किती खिडक्या उघड्या होत्या. उत्तर लेखी मागा.